बल्ब बदलायला बंपर का उतरवायचा? केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : गाडीची किरकोळ देखभाल मालकाला स्वतः करता येते की नाही, हे गाडीला मंजुरी देतानाच तपासण्याबाबत.

साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमाराला पुण्याहून साताऱ्याला परतत होतो. पाऊस मी म्हणत होता. खंडाळा मागे टाकलं आणि पुढे खंबाटकी चढायचा, एवढ्यात डावा हेडलाइट गेला. मी घाबरलो नाही. ३३ वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून पोरांना हेच शिकवत आलोय. शिवाय जादा बल्ब कायम गाडीत असतो. पेट्रोल पंपाच्या शेडखाली गाडी घेतली, बायकोच्या हातात बॅटरी दिली आणि बोनेट उघडलं.

हेडलाइटच्या मागे हात घालायला जागाच नव्हती. एका बाजूला फ्यूज बॉक्स, दुसऱ्या बाजूला वायपरच्या पाण्याच्या टाकीची मान, मधे चार बोटं जातील एवढी फट. चार बोटं जातात, पण अंगठा बाहेर राहतो आणि अंगठ्याशिवाय बल्बची क्लिप सुटत नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून पाहिलं, तर तिथे एकच ओळ : बल्ब बदलण्यासाठी अधिकृत वर्कशॉपशी संपर्क साधावा. रात्री दहाला, खंडाळ्यात!

शेवटी एका ट्रकच्या मागे मागे, एका डोळ्यानं घाट चढलो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेलो. कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या पोरांची यात काही चूक नाही. त्यांनी चाकांवरचे स्क्रू काढले, वरचे लॉक काढले, खालचे काढले आणि अख्खा पुढचा बंपर उतरवून सतरंजीवर ठेवला. मग बल्ब बदलला. बल्ब माझाच होता. जॉब कार्डवर लिहिलं : ‘फ्रंट बंपर काढणे व बसवणे’. मजुरी १,१५० रुपये, वर जीएसटी. बंपर परत बसवताना प्लास्टिकचं एक लॉक तुटलं, त्याचे वेगळे. बल्ब होता साडेतीनशेचा.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनावर शिकवायला सुरुवात केली. त्या गाडीची देखभाल सोपी होती, कारण ती सतत करावीच लागायची. पॉइंट घासा, फिलर गेजने गॅप लावा, कार्बोरेटरचा जेट फुंका, उन्हाळ्यात घाटात इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका. अँबेसेडरला तर ग्रीसची निपलं शोधत गाडीखाली लोळावं लागायचं. आजची गाडी दहा हजार किलोमीटर ऑइलला हात न लावता पळते, धूर सोडत नाही, धडकली तर पुढचा भाग चुरगळतो आणि आतला माणूस वाचतो. हे सगळं मला मान्य आहे. बोनेटखाली दाटी का झाली, हेही कळतं. बीएस-६ या धुराच्या नियमांसाठी एक्झॉस्टच्या वाटेवर चार गोष्टी वाढल्या, टर्बो आला, त्याच्या पाइपा आल्या, पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर मार कमी लागावा म्हणून बोनेट आणि इंजिन यांच्यात पोकळी सोडावी लागते. पण दाटी झाली म्हणून नेमकी बल्बाचीच वाट का बंद व्हावी? ज्या वस्तू झिजणार, विझणार, तुंबणार हे कागदावर रेघ मारण्याआधीच ठाऊक असतं, त्यांना आधी जागा द्यायची आणि बाकीचं त्यांच्याभोवती मांडायचं, ही वर्कशॉपमधली पहिल्या वर्षाची गोष्ट आहे. आमच्या पोरांना मी म्हणायचो, हात जाईल तिथे पाना जाईल. आता हातच जात नाही.

बल्ब हे एक उदाहरण झालं. ऑइल बदलायचं तर आधी खालचं प्लास्टिकचं कव्हर उतरवा. त्याचे दहा-बारा स्क्रू, त्यातल्या दोन-तीनांचे आटे तिसऱ्या सर्व्हिसला गेलेलेच असतात, मग ते कव्हर तारेनं बांधलेलं आणि महामार्गावर फडफडणारं तुम्हीही पाहिलं असेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची डिपस्टिक तर बहुतेक गाड्यांतून नाहीशीच झाली. ऑइल किती आहे ते बघायचं तर गाडी लिफ्टवर चढवा, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लावून ऑइलचं तापमान ठरावीक अंशावर आणा, मग खालचा बोल्ट काढून थेंब पडतो का बघा. काही कंपन्या म्हणतात, बघायचं कशाला, हे ‘लाइफटाइम’ ऑइल आहे. कुणाची लाइफ? माझ्या अनुभवात ती वॉरंटीच्या आसपास संपते.

मागचे ब्रेक पॅड बदलणं हे पूर्वी दुसऱ्या सहामाहीतल्या पोराचं काम होतं. आता हँडब्रेकच्या जागी बटण आलं. त्या ब्रेकच्या छोट्या विजेच्या मोटरला ‘मागे सर’ असं स्कॅनरनंच सांगावं लागतं. ते न सांगता कुणी पक्कड लावून पिस्टन दाबला, तर पाचशेचं काम पंचवीस हजारांवर जातं. सिग्नलला आपोआप बंद होऊन परत सुरू होणाऱ्या कित्येक गाड्यांत बॅटरी बदलली, की नवी बसवल्याचं कॉम्प्युटरला कळवावं लागतं. नाही कळवलं तर तो नव्या बॅटरीला जुनी समजूनच चार्ज करत राहतो. बॅटरी बदलणे, साहेब! दोन नट, दहाचा पाना.

माझा एक विद्यार्थी वाढे फाट्याजवळ गॅरेज चालवतो. हुशार आहे, हात चांगला आहे, गिऱ्हाइकाला फसवत नाही. त्यानं कर्ज काढून स्कॅनर घेतला. तो स्कॅनर बिघाडाचा कोड वाचून दाखवतो, पण बसवलेला भाग गाडीला ओळखीचा करून देणं त्याला जमत नाही, कारण ते कुलूप उघडण्याची परवानगी कंपनीच्या वर्कशॉपकडेच असते. रोग कळतो, औषधही कपाटात आहे, फक्त किल्ली दुसऱ्याकडे. तो मला म्हणाला, “सर, तुम्ही मला मेकॅनिक केलंत, गाड्यांनी मला पुन्हा हेल्पर केलं.” यावर काय बोलणार?

हा प्रश्न नवा नाही आणि सरकारला माहीत नाही असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हाच ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्यासोबत मोटारीही घेतल्या. चांगलं केलं. पण त्या पोर्टलवर मला जास्तीत जास्त काय मिळणार? माहिती. बंपर कसा उतरवायचा याची माहिती मला नको आहे, तो उतरवावाच लागू नये एवढं माझं म्हणणं आहे. आणि ते ग्राहक खात्याच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. म्हणून पत्र तुम्हाला. कृपा करून ही फाइल त्या खात्याकडे ढकलू नका.

कारण गाडी रस्त्यावर येण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली तिची मंजुरी-चाचणी होते. ती करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, सीआयआरटी पुण्यातच आहे, व्हीआरडीई नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आहे. तिथे ब्रेक तपासतात, धूर मोजतात, दिव्याचा झोत किती वर जातो, किती खाली पडतो ते पाहतात. तो दिवा विझल्यावर माणसानं काय करायचं, हेही तिथेच पाहायला हवं.

माझी मागणी एका पानात बसेल. हेडलाइट आणि इंडिकेटरचा बल्ब, बारा व्होल्टची बॅटरी, एअर फिल्टर, चाक, आणि ऑइल-कूलंटची पातळी बघून भरणं, या पाच गोष्टी गाडीच्या डिकीत दिलेल्या हत्यारांनी, बंपर, चाक किंवा चाकावरचं कव्हर न काढता (चाक बदलताना अर्थातच सोडून) सामान्य माणसाला करता आल्या पाहिजेत. चाचणीला कंपनीचा इंजिनिअर नको, रस्त्यावरून जाणारा कुणीही चालेल. घड्याळ लावा, किती मिनिटं लागली ते लिहा आणि तो आकडा गाडीच्या माहितीपत्रकावर मायलेजच्या शेजारी छापायला लावा. ज्या गाडीत बल्बच नाही, एलईडीचा सगळा दिवाच बदलावा लागतो, तिथे त्या दिव्याची किंमत छापा. माझ्या पुतण्याच्या गाडीला पार्किंगमध्ये स्कूटर घासली आणि दिव्याला आत बसवणारा कान तुटला. काच शाबूत, उजेड शाबूत. तरी पूर्ण दिवा, ३८ हजार रुपये. गाडी घेताना हा आकडा त्याला दिसला असता तर कदाचित त्यानं दुसरी घेतली असती. आणि तो दुसरी घेईल या भीतीनंच कंपनीनं तो कान दोन स्क्रूंवर सुटा बसवला असता.

हा विचार काही माझ्याच डोक्यातून निघालेला नाही. दिवे बसवण्यासंबंधी संयुक्त राष्ट्रांची जी ४८ क्रमांकाची नियमावली आहे, तिच्यात बल्ब गाडीबरोबर दिलेल्या हत्यारांखेरीज खास हत्यार न लागता बदलता यावा असं कलम आहे. पण हत्यार खास नसलं म्हणून काम सोपं होत नाही. एका स्क्रू ड्रायव्हरनं अख्खा बंपर उतरवता येतो, फक्त पाऊण तास लागतो. त्यामुळे हे कलम असूनही युरोपातले लोक याच कारणासाठी बोंब मारतात. म्हणून मी मिनिटांवर अडून बसलोय. फ्रान्सनं जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशिन यांच्यावर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापायला लावले. आपण २०२३ मध्ये गाडीला सुरक्षिततेचे तारे देणारं भारत एनकॅप आणलं, तेव्हापासून गिऱ्हाईक शोरूममध्ये जाऊन तारे विचारतो. छापलं की लोक विचारतात, हे तुम्हीच दाखवून दिलंय.

डिकीतल्या हत्यारांवरून आठवलं. पूर्वी गाडीबरोबर पान्यांचा बटवा यायचा. आता जॅक, चाकाचा पाना आणि ओढायचा हूक, संपलं. आणि काही गाड्यांत तर स्टेपनीही नाही. जुलै २०२० मध्ये तुमच्याच मंत्रालयानं नियम बदलला : ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच दिला असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल. जागा वाचते, इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी बसते, हे कारण समजतं. पण साहेब, खिळा घुसला तर त्या संचातला फेस भोक बुजवतो. खड्ड्याच्या कडेला आपटून टायर बाजूनं फाटला तर फेसाचा काही उपयोग नाही. आणि आपल्याकडे टायर कशानं फाटतात, हे रस्ते खात्याच्या मंत्र्यांना मी सांगावं असं नाही.

तुमच्या १०३३ क्रमांकावर फोन केला की महामार्गावर क्रेन येते, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल आभार. पण एटापल्लीच्या किंवा अक्कलकुव्याच्या आतल्या रस्त्यावर काय? तिथे अधिकृत वर्कशॉप नाही, क्रेन नाही. तिथे एक टपरीवजा गॅरेज असतं आणि त्यात आमच्याच एखाद्या आयटीआयचा पोरगा असतो. एकाच दिव्याच्या गाडीला समोरचा मोटारसायकल समजतो आणि तेवढीच जागा सोडतो, हे रात्री गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. त्या रात्री मला घाटात पोलिसांनी अडवून दंड केला असता, तर मी मुकाट्यानं भरला असता, कारण दिवा बंद ठेवून गाडी हाकणं धोक्याचंच आहे. फक्त तो दिवा पंपावर दहा मिनिटांत लागू नये अशी ज्यानं रचना केली, त्यालाही कुठेतरी पावती फाटावी.

चाचणीचा मसुदा करायला घेतलात तर माणूस हवा असेल. मी निवृत्त आहे, वेळ आहे, पाने माझे स्वतःचे आणीन. वेताळ टेकडी साताऱ्याहून काही लांब नाही.

कळावे,

आपला नम्र,
आयटीआयचा एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा

ता. क. : पत्र लिहून चार दिवस पडून होतं. काल उजव्या बाजूचा बल्ब गेला. वर्कशॉपनं पुढच्या मंगळवारची वेळ दिली आहे. तोवर दिवस मावळला की गाडी काढत नाही.