आधी उजेडाचा कोन तपासा, मग संमतीपत्रावर सही करा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

दादर, माटुंगा, वडाळ्याच्या पुनर्विकासाची चर्चा कायम जादा चौरस फूट, पर्यायी घराचे भाडे आणि कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) यांभोवतीच फिरते. ही वस्ती मुळात कोणत्या हिशेबाने आखली गेली, हे मात्र कोणी विचारत नाही. तो हिशेब मोडला की काय होते, याची मोजमापे सोसायटीच्या सभासदांना ठाऊक हवीत, म्हणून हे पत्र.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग फुटला. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, कायदा करून मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रस्ते कापून काढले, आणि त्याच सुमारास उत्तरेकडची शेते व सखल जमीन घेऊन दादर–माटुंगा आणि शीव–माटुंगा या योजना आखल्या. दादर–माटुंग्यात ६० हजार, शीव–माटुंग्यात तितकीच आणि शिवडी–वडाळ्यात ८५ हजार माणसे राहतील असा अंदाज होता. आधी भराव, रस्ते आणि गटारे, मग भूखंड, आणि घरे सर्वांत शेवटी, असा क्रम होता. किंग्जवे (आजचा डॉ. आंबेडकर रोड), पाच उद्यान, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्यातूनच उभी राहिली. ज्या गरिबांच्या चाळी पाडल्या त्यांना ही घरे परवडली नाहीत, मध्यमवर्ग इथे आला. ट्रस्टवरचा हा आक्षेप खरा आहे आणि तो विसरू नये.

पण आखणीतली एक गोष्ट आजही तितकीच खरी आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांतील उजेड आणि हवेवर व्याख्यान दिले आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हिरिरीने मांडला. नियम अगदी सोपा आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे ओढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मधे मोकळे हवे. जुन्या शहरातल्या हाऊस गल्ल्यांमध्ये (दोन घरांमधल्या अरुंद बोळांमध्ये) एवढे अंतर नव्हते आणि आतल्या खोल्या भर दुपारी अंधाऱ्या राहत, हाच ऑर यांचा मुद्दा होता.

आता आकडे पाहा. तळमजला अधिक दोन मजले, प्रत्येकी ११ फूट, वर ३ फुटांचा कठडा, म्हणजे ३६ फूट. त्यासाठी १८ फूट मोकळी जागा लागते. दोन्ही भूखंडांनी बाजूला १०-१० फूट सोडले की २० फूट होतात. हिशेब जुळला! ठेंगण्या इमारती, सामासिक अंतर (भूखंडाच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत सोडायची मोकळी जागा) आणि रुंद रस्ते या एकाच गणिताच्या बाजू आहेत. एक बदलली की बाकीच्या बदलाव्याच लागतात.

आज फक्त उंची बदलते. उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींना विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली ३ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, मिळतो, आणि सामासिक अंतरात जे कमी पडते ते अधिमूल्य भरून माफ करून घेता येते. समजा पोडियमसह (खालच्या पार्किंगच्या मजल्यांसह) इमारत ८० मीटर उंच आहे, आणि तिच्या व शेजारच्या इमारतीच्या मधे ९ मीटर आहेत. नियमाने ४० मीटर हवे होते. ९ मीटरमध्ये जेमतेम १८ मीटरचीच, म्हणजे सहा मजल्यांची, उंची बसते. शेजारच्या तळमजल्याच्या खिडकीतून पूर्वी निदान साडेसव्वीस अंशांचे आकाश दिसायचे, आता सहा-साडेसहा अंश उरतात. दिवसा दिवे, भिंतींना ओल, पावसाळ्यात न वाळणारे कपडे हे सगळे तिथूनच येते. नव्या इमारतीचे रहिवासी पोडियमच्या वर राहायला जातात. अंधार शेजाऱ्याच्या वाट्याला येतो, आणि त्याची संमती कोणी मागत नाही.

म्हणून सभासदांनी सही करण्यापूर्वी वास्तुविशारदाकडून नवी आणि शेजारची अशा दोन्ही इमारतींमधून जाणारा छेद (उभा काप दाखवणारे रेखाचित्र), १:१०० प्रमाणात, मागावा. बहुतेक सादरीकरणांत शेजारचा भूखंड कोरा सोडलेला असतो, ती पहिली चूक. दुसरी चूक अधिक फसवी आहे. शेजारची आजची तीन मजली इमारत दाखवून उजेड भरपूर आहे असे सांगतात, पण उद्या तीही उठणार आहे. तिच्याही परवानगीयोग्य उंचीचा आराखडा काढायला लावा. मग सर्वांत खालच्या राहत्या खिडकीच्या उंबऱ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची रेषा ओढा. समोरची इमारत रेषा ओलांडत असेल, तर तशीच रेषा वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपासूनही ओढा. ज्या मजल्यापर्यंत ती ओलांडली जाते तिथपर्यंतची घरे अंधारी राहणार. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये (इमारतीतल्या उभ्या हवा-पोकळीत) उघडत असेल तर तोच कोन डक्टलाही लावा.

जमिनीकडेही पाहावे. अग्निशमन गाडीसाठी सोडलेली ६ मीटरची पट्टी पक्की, अवजड वाहन पेलणारी करावी लागते, तिथे झाड लागत नाही. उरलेल्या जागेखाली पार्किंगचे तळघर गेले की पाणी मुरायला मातीच राहत नाही. ते थेट रस्त्यावर येते, आणि हिंदमाताच्या खोलगट भागासाठी महापालिकेला भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या हे सर्वांना ठाऊक आहे. दोन पदरी रॅम्पचे तोंड साधारण ६ मीटरचे. एका गल्लीत असे आठ रॅम्प म्हणजे ४८ मीटर पदपथ गेला, आणि त्यावरची रेन ट्री, सोनमोहराची झाडेही गेली. झाड वाचले तरी बुंध्याभोवती किमान १ मीटर मोकळी माती न ठेवता काँक्रीट ओततात, मग पावसाळ्यात ते कोलमडण्याचा धोका वाढतो.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, डागडुजी थांबली, इमारती खचल्या. पुनर्विकास टाळता येणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. आमची महापालिकेकडे मागणी एवढीच आहे. ट्रस्टच्या योजनांमधील भूखंडांवर सामासिक अंतराची सवलत मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत वर सांगितलेला छेद सक्तीचा करावा, आणि निर्णयापूर्वी तो तीस दिवस शेजारच्या इमारतींच्या फाटकावर लावावा.

आपले नम्र,
नगररचनेचे काम करणारे काही वाचक, माटुंगा (पूर्व)