मळा विकू नका

संभाजीनगर,
झावळ्यांचा रविवार, दुपार

ति. बाबा आणि ति. आई यांस,
बेबीचा सप्रेम सलाम.

फोनवर हे बोलायला गेले की आई रडते, आणि बाबा, तुम्ही "हं हं, घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकता. म्हणून कागद घेतलाय. आई, बाबांना मोठ्यानं वाचायला लाव. मधलं गाळू देऊ नकोस.

ठरलेलं आधी सांगते. राहिलेला दीड एकर विकू नका. गिऱ्हाईक आलंय म्हणालात, त्याला नाही म्हणून कळवा. आणि आम्ही जालन्याला राहायला येत नाही. दोन्ही नक्की आहे, ह्यांनीही मान हलवलीय. रागानं नाही, मानापानासाठी तर मुळीच नाही. लकव्यानंतर ह्यांना लागणारी फिजिओथेरपी इथं चालत जाण्यासारखी आहे, बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा घरी येतात, आणि १ तारखेपासून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हिशेबाला लागलेय, दुपारी दोन ते आठ. तेवढा वेळ शेजारच्या मावशी ह्यांच्याजवळ बसतात. पगार फार नाही, पण गोळ्या खरेदीच्या भावात मिळतात. तिकडं आलो तर हे सगळं पहिल्यापासून उभं करावं लागेल. आणि खरं सांगू? तिथं मी परत तुमचं लेकरू होऊन बसेन. आई ताट वाढून देईल आणि मी पत्र्याकडं बघत पडून राहीन. दिवाळीत तेच केलं ना मी.

आमचं बरं चाललंय. नवं घर तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला. नळाला आठवड्यानं पाणी येतं, पण मालकांची टाकी मोठी आहे. कूलर दुरुस्त झाला. हे आता डाव्या हातानं चमचा धरतात, दूध-भाकरी स्वतः खातात, अंगावर सांडलं तर हसतातसुद्धा. आई, तुझं येसर संपत आलंय, एवढीच काय ती अडचण.

बाबा, गेलं वर्षभर मी रोज रात्री एकच हिशेब करत होते. सकाळी सातला ह्यांच्या हातातून कप पडला. मी म्हणाले, झोप झाली नसेल, पडा जरा. नऊला तोंड वाकडं दिसलं तेव्हा रिक्षा बोलावली. पहिल्या दवाखान्यात (नाव लिहीत नाही, लिहून काय होणार) बाकावर बसवून ठेवलं, आणि मग म्हणाले, स्कॅनचं मशीन बंद आहे, दुसरीकडं न्या. दुसरीकडं पोचलो तेव्हा साडेबारा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सातपासून मोजा. मी मोजतच होते. आधी त्या दवाखान्याला शिव्या दिल्या, मग स्वतःला, मग देवाशी अबोला धरला. रविवारी चर्चमध्ये बाकावर बसायची, उपासना संगीताचं गीतपुस्तक उघडून धरायची, पण ओठ मिटलेले. तुम्हाला हे कळू दिलं नाही. मंडळीचे एल्डर म्हणून तुम्ही चर्चमध्ये उभे राहता, आणि तुमची पोरगी अशी.

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारू नका. "देवाची इच्छा." "परीक्षा पाहतोय तो." बायबलात ईयोबावर संकटं कोसळली, त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी बरं केलं ते तेवढंच, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. आमच्याकडं आलेल्यांना सात मिनिटंही जमलं नाही.

जानेवारीत एक गोष्ट झाली. तुम्हाला माहीत आहे, ह्यांना साधं "पाणी" म्हणता येत नाही. प, प, प करत अडकतात आणि चांगला हात टेबलावर आपटतात. त्या रविवारी पेटीवर ओळखीची चाल लागली आणि माझ्या शेजारी हे गायला लागले. शब्द न् शब्द, तिसऱ्या कडव्यापर्यंत. पुढच्या बाकावरच्या बाया मागं वळून बघायला लागल्या. लगेच साक्ष द्यायला उभं करू नका, हा चमत्कार नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं की बोलणं बहुतेक डाव्या मेंदूवर चालतं, गाताना उजवी बाजूही कामाला येते. आता त्या पाणीसुद्धा चालीवर मागायला शिकवतात, "पाऽऽणी". पण मला त्या बाकावर माझीच लाज वाटली. चौथं कडवं मीही म्हटलं, घोगऱ्या आवाजात.

त्या रात्री मला २०१३ आठवलं. टँकरचं पाणी घालूनही मोसंबी गेली, तुम्ही स्वतः कुऱ्हाड घेतलीत आणि संध्याकाळी सरपणाच्या ढिगाऱ्याशेजारी बायबलातला हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचलात. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी आनंद करीन. मला इतका राग आला होता! वाटलं, बाबांना झालंय काय. आता परत काढून पाहिलं. पुढं झाड फुलेल, असं तो म्हणतच नाही. आणि पुस्तक सुरू होतं ते भांडणानं, किती वेळ ओरडू, ऐकतोस की नाही म्हणून. म्हणजे आधी तोही माझ्यासारखाच होता. प्रेषित पौलानंही फिलिप्पैकरांना लिहिलं ते कैदेतून, आणि मी समाधानी राहायला "शिकलो" म्हणाला. मग मलाही शिकायला वेळ लागेलच की. तीन दिवस जमतं, चौथ्या दिवशी भांडी आपटते. रडू आलं तर रडते. ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, तेही शास्त्रातच ठेवलंय ना. फक्त रात्रीचं मोजणं सोडलंय. सातचा कप आठवला की उठते आणि सकाळची डाळ भिजत घालते. बेथेलची आजी म्हणायची तसं, "काहून बसलीस गं, चूल पेटव."

बाबा, रविवारच्या शब्बाथ शाळेला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात, माझ्या डोक्याला तुमचा ओला रुमाल बांधून. उतरल्यावर वर्गात जाईपर्यंत तो वाळलेला असायचा. आज ह्यांना उन्हातून नेताना तसाच रुमाल बांधला.

आता ऐका. बीपीची गोळी बंद करायची नाही. "बरं वाटतंय" म्हणून ह्यांनीही दोन महिने सोडली होती, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आई, तोंड वाकडं झालं, हात खाली पडला किंवा बोलणं अडखळलं तर १०८ लाव. रिक्षा नाही, शेजाऱ्याची मोटारसायकल नाही, आणि झोप झाली नसेल असं तर अजिबात म्हणू नकोस. किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेव. टाकी बघायला गच्चीवर चढू नका, दोघांपैकी कुणीच. लोणचं कमी. रागावू नका बाबा, तुमच्याकडूनच शिकलेय हुकूम सोडायला.

ईस्टरला येतो आम्ही, सोमवारी परत. यायच्या आधी शनिवारी गोळ्यांचं रिकामं पाकीट दारातल्या खिळ्याला अडकवून ठेवा, आल्या आल्या मोजणार आहे. आई, येसर जास्तीचं कर. आणि ह्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या लगेच पुढं करू नकोस. मागू दे त्यांना. वेळ लागतो.

तुमची
बेबी