सार्जंट रॉक आधीचा, फ्युरी नंतरचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या युद्धकॉमिक्सवर लेख आला याचा आधी आनंद झाला. मराठी वर्तमानपत्रं या विषयाकडे सहसा फिरकत नाहीत. पण लेखात सार्जंट रॉकला सार्जंट फ्युरीची नक्कल ठरवलंय (दोघेही दुसऱ्या महायुद्धात लढणारे अमेरिकी कॉमिक्सचे नायक), ते वाचल्यावर मात्र राहवलं नाही. डीसी या अमेरिकी प्रकाशन कंपनीच्या ‘अवर आर्मी ॲट वॉर’ या मासिकात रॉक आला १९५९ साली. लेखन रॉबर्ट कॅनिघरचं, चित्रं जो क्यूबर्टची. डीसीची स्पर्धक असलेल्या मार्व्हलचा फ्युरी मे १९६३ चा. फ्युरीचा लेखक स्टॅन ली तर सांगायचा की, नाव कितीही बोजड असू दे, आपल्या पद्धतीने काढलेलं कॉमिक खपतंच, अशी प्रकाशकाशी पैज मारून त्याने ‘सार्जंट फ्युरी अँड हिज हाउलिंग कमांडोज’ सुरू केलं. लीच्या आठवणींत तिखटमीठ बरंच असायचं. पण ते सोडून दिलं तरी सालं काही बदलत नाहीत.

फ्युरीचं कॉमिक धाडसी होतं, हा लेखकाचा मुद्दा मला मान्य आहे, किंबहुना तो त्यांनी पुरेसा ताणलेला नाही. फ्युरीच्या तुकडीतला ज्युनियर जुनिपर चौथ्याच अंकात मारला गेला. नावगाव असलेल्या नेहमीच्या पात्राला असं संपवणं त्या काळच्या कॉमिकमध्ये धाडसाचंच होतं. रॉकच्या ईझी कंपनीत, म्हणजे त्याच्या लष्करी तुकडीत, मात्र बुलडोझर, वाइल्डमन, आइस्क्रीम सोल्जर ही ठरलेली मंडळी वर्षानुवर्षं शाबूत राहतात. मरतो तो त्याच महिन्यात दाखल झालेला कोवळा पोरगा. त्याने दुसऱ्या पानावर घरच्यांचा फोटो काढला की समजायचं, याचं काही खरं नाही.

तरीही माझं मत रॉकलाच, आणि त्याचं कारण क्यूबर्टची रेघ. हेल्मेटचा पट्टा सुटून लोंबतोय, दाढीचे खुंट वाढलेत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि तरी या माणसाला अजून एक टेकडी चढायचीय. मारामारीच्या पानांपेक्षा ती संपल्यानंतरची चौकट क्यूबर्ट जास्त जीव ओतून काढतो. फ्युरीची तुकडी ‘वाऽहू’ ओरडत घुसते, डम डम डूगनच्या डोक्यावरची गोल हॅट गोळीबारातही ढळत नाही. मजा येते, नाही कशाला म्हणू? पण त्या मजेत थकवा कुठे दिसत नाही.

१९७१ सालची ‘हेड-काउंट’ ही रॉकची गोष्ट लेखकाने वाचली असती तर त्यांचा सूर बदलला असता. अमेरिकी सैनिकांनी निःशस्त्र गावकरी मारले त्या व्हिएतनाममधल्या माय लाय हत्याकांडाचा खटला तेव्हा अमेरिकेत गाजत होता. कॅनिघरने गोष्ट ठेवली दुसऱ्याच महायुद्धात, पण गावाचं नाव दिलं ‘अलिमी’. माय लायचीच अक्षरं उलटसुलट करून. ईझी कंपनीतला एक शिपाई गावकऱ्यांवर बंदूक रोखतो आणि रॉकला आपल्याच माणसावर नेम धरायची वेळ येते. तो शिपाई खुनी की वीर, हे तुम्हीच ठरवा, असं वाचकाला सांगून गोष्ट थांबते. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातात पडणाऱ्या मासिकात हे छापलं गेलं! क्यूबर्ट संपादक असताना गोष्टींच्या शेवटी ‘मेक वॉर नो मोअर’ असा शिक्का असायचा. लढाई विकायची आणि खाली हे लिहायचं, ही विसंगती आहेच. निदान ती लपवलेली नाही.

गंमत अशी की प्रत्यक्ष आघाडी पाहिली होती ती फ्युरीचे पहिले सात अंक काढणाऱ्या जॅक कर्बीने. तो १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत उतरला, अमेरिकी सेनापती पॅटनच्या सैन्यात लढला आणि हिमदंशाने पाय गमावता गमावता वाचला. क्यूबर्ट तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. मग ज्याने भोगलं त्याने सर्कस काढली आणि ज्याने भोगलं नाही त्याने थकलेले चेहरे, असं का? मला वाटतं, भोगलेल्याला ते चेहरे पुन्हा पानावर नको असतील.

लेखातलं ‘वास्तवदर्शी’ हे विशेषण मात्र दोघांनाही शोभत नाही. रॉकच्या कंपनीत जॅकी जॉन्सन, फ्युरीकडे गेब जोन्स, दोघेही कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढणारे. त्या युद्धात अमेरिकी सैन्यात गोऱ्या-काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या; ही विभागणी संपवण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने १९४८ मध्ये काढला. म्हणजे इतिहास दोन्ही प्रकाशकांनी बदलला, आणि बरंच केलं. पहिल्या अंकात गेबला रंगखात्याने चक्क गोरा करून टाकलं होतं, यावरून तेव्हाची हवा कळते.

रॉकच्या छातीवर काडतुसांचे दोन लांब पट्टे असतात. ते मशिनगनचे. त्याच्या हातात असते टॉमी गन, जिला मॅगझिन (गोळ्यांची पेटी) लागतं. पट्टे निव्वळ शोभेचे, आणि बंदूक कधी रिकामी होत नाही. इथे मला आपले नाईक यशवंत घाडगे आठवतात. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले, तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा बावीस वर्षांचा जवान एकटा मशिनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकला, टॉमी गनने एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला उसंत नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच दस्त्याने मारलं. पुढे लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. रॉक आणि त्याची ईझी कंपनीही इटलीत लढली. पण मी वाचलेल्या अंकांत तिला मराठा पलटण कुठे भेटल्याचं आठवत नाही.

युद्धानंतर काय, यातही दोघांचा फरक आहे. फ्युरी १९६५ पासून डोळ्यावर पट्टी लावून ‘शील्ड’ या काल्पनिक हेरसंस्थेचा हेर झाला आणि पुढे सिनेमातही गेला. रॉकबाबत कॅनिघरचं म्हणणं ठाम होतं की, हा माणूस युद्धाच्या शेवटापलीकडे जगलाच नाही. डीसीने ऐकलं नाही. सत्तरच्या दशकात त्याला बॅटमनच्या जोडीला आणून बसवलं, आणि ते अंक रॉकच्या चाहत्यांनीसुद्धा नाही वाचले तरी चालतील.

लेखात ‘चार्लीज वॉर’चा उल्लेखही नाही, ही मात्र मोठी चूक. पॅट मिल्स आणि जो कोल्कहून यांची ही ब्रिटिश मालिका १९७९ मध्ये ‘बॅटल’ साप्ताहिकात सुरू झाली. सोळा वर्षांचा चार्ली बोर्न वय लपवून भरती होतो आणि पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर खंदकात पोचतो. जिंजर हा त्याचा दोस्त तोफगोळ्याने फुटतो, तेव्हा चार्ली त्याचं जे काही उरलंय ते पोत्यात गोळा करून निघतो. रॉक आणि फ्युरी, दोघांचीही हिंमत इथवर गेली नाही. २०१८ मध्ये रिबेलियन या प्रकाशनाने ही मालिका तीन खंडांत पुन्हा छापली आहे. पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येणार असेल, तर त्याची सुरुवात पहिल्या खंडापासून व्हावी, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, मिरज