त्या अठरा हजारांचं काय करायचं

रॅले, नॉर्थ कॅरोलिना
६ डिसेंबर

प्रिय सुहास,

तुझा मेसेज आणि जमीन मोजणीच्या त्या ट्रेनिंगचं पत्रक, दोन्ही मिळालं. फोनवरच बोललो असतो, पण तू साइटवर निघतोस तेव्हा माझी झोपायची वेळ होते, आणि फोन लागलाच तर आई मध्येच हिसकावून घेऊन "काय जेवलास" पासून सुरू करते. म्हणून बसून लिहितोय. आण्णांना वाचून दाखव. दोन-तीन ठिकाणी ते नक्की आडवे येतील, तेही मला कळव.

तर पुण्यात हॉटेलात तीन दिवस, ड्रोन, रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं मोजणीचं यंत्र), एआय, दोन वेळचं जेवण, सोनेरी काठाचं सर्टिफिकेट आणि फी १८,००० रुपये. "दादा, जाऊ का?" एवढंच विचारलंयस. माझं उत्तर जरा लांबेल.

इथे आम्हा लायसन्सवाल्या सर्व्हेयरना दरवर्षी १५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. ३१ डिसेंबरला लायसन्सची मुदत संपते, त्यामुळे डिसेंबर आला की सगळ्यांची पळापळ. पहिल्या वर्षी मीही असाच शेवटच्या आठवड्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. विषय होता 'आधुनिक सर्वेक्षण'. सकाळभर एक टाय लावलेला गृहस्थ एका स्कॅनरचे रंगीत फोटो दाखवत होता. दुपारनंतर कळलं की तो ते यंत्र विकणाऱ्यांचाच माणूस. शेवटी किमतीचा कागद वाटला! मागच्या रांगेत निम्मे लोक फोनवर, एकजण तर चक्क घोरत होता. सहीचा कागद फिरला, मी सही केली, सहा तास जमा झाले. घरी येऊन वहिनीला सांगायला माझ्याकडे जेवणातल्या सँडविचशिवाय काही नव्हतं.

तेव्हापासून मी पत्रकावरचा विषय सगळ्यात शेवटी वाचतो. आधी बोलणारा कोण ते बघतो. शेतात उभा राहिलेला आहे का? कोर्टात उलटतपासणी सोसलीय का? त्याला आधी ऐकलेल्या दोघा-तिघांना फोन करतो आणि एकच विचारतो, "त्यांनी स्वतःची एखादी चूक सांगितली का?" ज्याची सगळी कामं सुरळीत झाली त्याच्याकडून मला काय मिळणार?

एक उदाहरण सांगतो. इथे फूट दोन प्रकारचे होते. एक इंटरनॅशनल फूट, बरोबर ०.३०४८ मीटर. दुसरा सर्व्हे फूट, म्हणजे १२०० भागिले ३९३७ मीटर. फरक दहा लाखांत दोनचा. आपल्या आण्णांच्या ३३ फुटी साखळीत तो डोळ्यांना दिसणारही नाही. पण या राज्याच्या को-ऑर्डिनेट्समध्ये, म्हणजे जागा दाखवणाऱ्या आकड्यांच्या जोडीत, पूर्वेचा आकडाच वीस लाख फुटांच्या घरात असतो. वीस लाखांना दहा लाखांत दोन म्हणजे चार फूट! एका म्हाताऱ्या सर्व्हेयरने भर सभेत सांगितलं की त्याच्या मोजणीयंत्राच्या कंट्रोलरमध्ये फूट चुकीचा निवडलेला राहिला आणि अख्ख्या इमारतीच्या खुंट्या चार फूट सरकल्या. पाया खणून झाला होता. कुणाला कसं कळलं, मालकाला काय तोंड दाखवलं, पैसे कुणी भरले, सगळं सांगितलं. हॉलमध्ये एकाचाही फोन वाजला नाही. २०२२ च्या अखेरीस सरकारने सर्व्हे फूट मोडीत काढला खरा, पण जुने नकाशे कुठे जाणार? मी आजही काम सुरू करताना आधी फूट तपासतो.

दुसरा एक माणूस झाडाच्या खोडाची चकती घेऊन आला होता. इथल्या जुन्या हद्दी झाडांवर कुऱ्हाडीचे घाव घालून दाखवायचे. घावावर झाड नवी साल चढवतं, घाव आत गाडला जातो. चकतीत ती जखम काळ्या रेघेसारखी दिसत होती. तिच्यापासून बाहेरच्या सालीपर्यंतची वलयं मोजायची, की मोजणी किती वर्षांपूर्वी झाली ते निघतं. आम्हाला प्रत्येकाला एकेकदा मोजायला लावलं. माझी दोन वलयं चुकली.

मग त्याने नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना राज्यांच्या मधल्या रेषेची गोष्ट काढली. १७३५ साली काम सुरू झालं. समुद्राकडून वायव्येला ३५ अक्षांशापर्यंत जायचं आणि तिथून सरळ पश्चिमेला वळायचं, असा हुकूम. मोजणीवाले सुमारे ११ मैल अलीकडेच थांबले आणि तिथेच खुंटी ठोकली. पुढच्यांनी त्याच चुकीच्या खुंटीपासून रेषा पुढे ओढली. एवढी चूक सापडली तरी त्या पट्ट्यात रेषा तिथेच राहिली, साउथ कॅरोलिनाला भरपाई म्हणून पुढे पश्चिमेला जमीन मिळाली. खुणेची झाडं मरून गेली तेव्हा अलीकडे वीसेक वर्षं खपून ती रेषा पुन्हा शोधली. १ जानेवारी २०१७ पासून ती लागू झाली आणि काही घरं व एक पेट्रोल पंप रातोरात दुसऱ्या राज्यात गेले. आण्णा म्हणतील, "यात नवल काय, आपल्याकडे मोजणीच्या टिपणात एक आणि बांधावर एक हे रोजचंच." म्हणू देत. पण जागेवरची जुनी खूण आणि कागदावरचा आकडा यांत कुणाचं ऐकायचं, हे त्या माणसाने तीन तासांत जे शिकवलं ते मला कॉलेजच्या चार वर्षांत मिळालं नव्हतं.

आता तुझ्या पुण्याकडे येतो. पत्रकात बोलणाऱ्यांची नावं नाहीत, 'तज्ज्ञ मार्गदर्शक' एवढंच आहे. तिथेच मला खटकलं. त्यांना फोन कर आणि शिकवणाऱ्याशीच बोलायचं म्हणून सांग. मग विचार, "साताऱ्यात जमिनीवर एक किलोमीटर मोजलं, तर रोव्हरच्या यूटीएम को-ऑर्डिनेट्सवरून तेच अंतर किती येईल?" यूटीएम म्हणजे गोल पृथ्वी झोनांत वाटून सपाट नकाशावर उतरवायची पद्धत, त्यात अंतर थोडं बदलतं. आपण ७४ रेखांशाच्या आसपास, आपल्या झोनचा मध्य ७५ वर, शिवाय उंची सातशे मीटरच्या पुढे. किलोमीटरमागे साधारण ३५ सेंटिमीटर कमी यायला हवं. दोनशे मीटरच्या प्लॉटला सात सेंटिमीटर. राज्यात रोव्हरला अचूकतेसाठी दुरुस्ती पुरवणारी ७७ कॉर्स स्टेशनं उभी राहिल्यापासून रोव्हर ज्याच्या त्याच्या हातात आलाय, पण हा हिशोब न करता ले-आउट टाकणारे मी कोरेगावातही पाहिलेत. शिकवणारा म्हणाला "आमच्याकडे अॅक्युरसी सेंटिमीटरची येते", तर फोन ठेव. "थांबा, उंची किती धरू" म्हणाला, तर खुशाल पैसे भर.

आणखी एक विचार. ड्रोनचं ते सर्टिफिकेट डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याने, मान्यता दिलेल्या संस्थेचं आहे का? पैसे घेऊन ड्रोन उडवायचा तर २०२१ च्या नियमांप्रमाणे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि ते तशाच संस्थेतून मिळतं. नसेल तर सोनेरी काठ हॉलमध्ये लावायला बरा.

फीचं म्हणशील तर १८,००० जास्त नाहीत, पण तीन दिवस बुडलेली कामं धर म्हणजे खरा आकडा कळेल.

आपल्या मळीचा, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीचा, विषयही इथे निघाला होता, तुला सांगायचं राहिलं. नदीकाठच्या हद्दींवर एका वकीलबाईंचं व्याख्यान होतं. चहाच्या वेळी मी त्यांना कागदी रुमालावर कृष्णेचं वळण काढून दाखवलं, आपला बांध कुठे होता आणि पुरानंतर गाळ कुठे साठला ते. त्यांनी पहिला प्रश्न केला, "पाणी एका रात्रीत सरकलं की वीस वर्षांत?" इथे त्यावर सगळं ठरतं. हळूहळू सरकलं तर हद्द पाण्याबरोबर जाते, एकदम सरकलं तर जुन्या जागी राहते. आपला कायदा आपला, तो तू वकिलांकडून समजून घे. पण आण्णांना विचार, त्यांना कुठल्या साली काय दिसलं होतं. त्यांच्या डायऱ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, साखळीच्या खाली. मी फेब्रुवारीत येतोय, तोवर उंदरांनी कुरतडायच्या आत फोटो काढून ठेव. आणि ट्रेनिंगवाल्यांना फोन केल्यावर काय उत्तर मिळालं ते रात्रीच कळव, मला उत्सुकता आहे.

आई-आण्णांना नमस्कार. स्वातीला आणि चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. – येताना वहिनीच्या ऑफिसात वाटायला कंदी पेढे न्यायचेत. दोन किलो सांगून ठेव, मागच्या वेळी एक किलो विमानतळावरून घरी येईपर्यंतच संपले.