सेलला येण्याआधी हे वाच

सोलापूर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. वाद्यांच्या त्या साखळी दुकानाच्या सगळ्या शाखा बंद होतायत, आणि आपल्या सोलापूरचीही त्यात आहे, ही बातमी खरी आहे. बाहेर मोठा फलक लागलाय, गर्दीही होतेय. तुझी यादी वाचली: मंडळासाठी पेटी, तबला-डग्गा आणि पखवाज, दोन माईक, शाळेसाठी कीबोर्ड आणि दोन गिटार. तू मंगळवेढ्याहून एसटीने येणार आणि एका दिवसात सगळं उरकून परत जाणार, म्हणून सविस्तर लिहितोय. नाहीतर दुकानात शिरल्यावर माणूस सुटीचे आकडे बघत बसतो आणि वस्तू बघायचं राहून जातं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. चालू दुकानातून घेतलेली पेटी महिन्याभराने बिघडली तर आपण ती उचलून परत नेतो. इथे परत न्यायला दुकानच नसणार. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही बिघडली तर सोलापुरात, पंढरपुरात किंवा मिरजेत कोणी दुरुस्त करेल का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे बोल. ‘नाही’ असेल तर सत्तर टक्के सूट असली तरी हात लावू नकोस.

आता किमतींचं. सूट छापील किमतीवर देतात, आणि वाद्यं छापील किमतीला एरवीही कोणी घेत नाही. वीस हजार छापलेला कीबोर्ड बाजारात सोळा हजारांना मिळत असेल, तर इथली वीस टक्के सूट म्हणजे काहीच नाही. यादीतल्या प्रत्येक वस्तूचा मॉडेल क्रमांक आणि आजचा बाहेरचा भाव घरूनच कागदावर लिहून आण. सूट टप्प्याटप्प्याने वाढते. आधी दहा-वीस टक्के, मग तीस-चाळीस, आणि शेवटच्या दिवसांत उरलेलं मिळेल त्या भावाला. पण चांगला माल पहिल्या दोन टप्प्यांतच उचलला जातो. चांगली पेटी एकच दिसली तर जास्त सुटीची वाट बघू नकोस. तारा, स्टँड, केबल यांच्यासाठी मात्र खुशाल थांब, ते ढिगाने असतं. शिवाय बंद होणाऱ्या शाखेत इतर गावांचा पडून राहिलेला मालही आणून ओततात, म्हणून खोक्यावरची पॅकिंगची तारीख बघ. अमेरिकेत 1924 साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेल्या सॅम ॲश या वाद्यांच्या साखळी दुकानाने 2024 मध्ये आपली सगळी दुकानं मिटवली. शंभर वर्षांचं दुकानही बंद होतं, तेव्हा ‘इतकी मोठी कंपनी आहे, नंतर बघतील’ या भरवशावर काही घेऊ नकोस. मंडळाने तिथे कधी आगाऊ रक्कम भरली असेल, गिफ्ट व्हाउचर पडून असेल किंवा एखादं वाद्य दुरुस्तीला टाकलं असेल, तर तिथे पोचल्याबरोबर आधी ते सोडव.

पेटीवर सगळ्यात जास्त वेळ घालव. ती टेबलावर ठेवायला सांग, मांडीवर घेऊन बघू नकोस. सगळे स्टॉप (समोरचे ओढायचे खुंटे) बंद कर, एकही पट्टी दाबू नकोस आणि भाता मार. तीन-चार हातांत भाता ताठ व्हायला हवा, पुढे ढकलला जाता कामा नये. तसाच सैल चालत राहिला तर हवा कुठून तरी निसटतेय. मग मुख्य स्टॉप उघड, पट्टीला हात न लावता पुन्हा भाता मार आणि कान जवळ ने. नुसती फुसफुस ऐकू आली तर कुठल्या तरी पट्टीखालची झडप नीट बसत नाही. एखादा सूर आपोआप वाजत राहिला तर स्प्रिंग ढिली आहे किंवा कचरा अडकलाय. या दोन्ही गोष्टी कारागीर अर्ध्या तासात काढतो, त्यासाठी पेटी नाकारू नकोस, भाव पाड. पण आतली सुरांची फळी (जिच्यावर पितळी जिभा, म्हणजेच पेटीचे ‘सूर’, बसवलेल्या असतात) तडकली असेल तर पेटी तिथेच सोड. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, फळीचे स्क्रू ढिले पडतात आणि आवाज बसतो. स्क्रू हलक्या हाताने आवळले की पुष्कळदा तो परत येतो. फळीला चीर असली तर कितीही आवळा, हवा जाणारच.

नंतर एकेक स्टॉप स्वतंत्र उघडून डावीकडून उजवीकडे प्रत्येक सूर लांब धरून वाजव. भाता एकसारखा चालव, कारण दाब कमी-जास्त झाला की सूरही किंचित हलतो आणि ट्यूनर चुकीचं दाखवतो. मोबाइलवर ट्यूनर 440 हर्ट्झला लाव. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी सहा म्हणजे ए, हे लक्षात असलं की पुरे. एखादा सूर उशिरा बोलत असेल तर जिभेखाली धूळ असते किंवा जिभेची उचल चुकलेली असते. किरकिरत असेल तर जीभ चौकटीच्या कडेला घासतेय, पातळ कागद फिरवला की ती मोकळी होते. मग वरचं झाकण काढून सूर दाखवायला सांग. सूर चढवायला जीभ टोकाशी खरवडतात, उतरवायला मुळाशी, आणि दर वेळी थोडं पितळ कमी होतं. मुळाशी खोल ओरखडे दिसले तर तो सूर आधीच पुष्कळदा उतरवलेला आहे. तो एक दिवस भजनाच्या मध्येच तुटेल.

स्केल चेंजरचा मोह तुला होणार, हे मला माहीत आहे. माझं मत स्पष्ट आहे: मंडळाला साधी पेटी घे. साडेतीन सप्तकं, दोन सुरांची, खर्ज आणि नर (खालचा आणि मधला आवाज). स्केल चेंजरमध्ये सगळी पट्ट्यांची चौकट सरकते. टेम्पोतून, धुळीतून, आज या गावी उद्या त्या गावी गेली की ती चौकट हलते आणि कडेच्या पट्ट्या घासायला लागतात. घरी बसून गाणाऱ्याला ती सोय आहे, दिंडीत चालणाऱ्याला नाही. तरी घ्यायचीच असेल तर चौकट प्रत्येक जागी सरकवून पहिली आणि शेवटची पट्टी वाजवून बघ, मधल्या पट्ट्या वाजवून काही कळत नाही. आणि घरी आणल्यावर सुरांना तेल लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. तेलावर धूळ बसते आणि सूर मुके होतात.

तबल्याच्या बाबतीत उलटं कर: पुडीकडे (वरच्या चामड्याकडे) कमी बघ, खोडाकडे (लाकडी अंगाकडे) जास्त. दुकानात कित्येक महिने टांगलेली पुडी उन्हाळ्यात वाळून कडक झालेली असते, ती बदलावीच लागेल असं धरूनच भाव कर. खोड उलटं करून उजेडात धर. बुडाशी किंवा काठावर चीर नको. बारीक भोकं दिसली आणि टिचकी मारल्यावर पिठासारखा भुसा पडला तर आत कीड आहे. शिसवाचं खोड हातात जड लागतं. नुसता काळा रंग मारलेलं हलकं लाकूडही ‘शिसव’ म्हणून विकतात, म्हणून आतल्या बाजूचा, रंग न लागलेला भाग दाखवायला सांग. तोंडाचं माप टेपने घे. तुमच्या मंडळात पुरुष काळी एकला गातात, त्याला सव्वापाच ते साडेपाच इंच. बायकांच्या भजनाला काळी चार लागते, तिथे सहा इंचाच्या आसपास. लहान तोंडाचा तबला जबरदस्तीने उतरवला की त्याचा आवाज फडफडतो, आणि मोठ्या तोंडाचा जबरदस्तीने चढवला की पुडी फाटते किंवा वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) तुटते. पुडी बरी वाटलीच तर सोळाही घरांवर (वादीच्या पट्ट्यांमधल्या जागांवर) चाटेवर, म्हणजे कडेच्या चामडी पट्टीवर, बोट मारत फिर. आवाज सगळीकडे एक हवा. दोन-तीन घरं उतरलेली असतील तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) हातोडी मारून जुळतात. शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेचा खडा उडाला असेल तर मात्र काही होत नाही. डग्ग्याला चुंबक लावून बघ. तांब्या-पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर वरून मुलामा आहे आणि आत लोखंड. वजनही बघ, अडीच किलोच्या खालचा डग्गा घुमत नाही.

पखवाज इथे घेऊच नकोस. पंढरपूर तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला कारागीर तुझ्यासमोर पुडी चढवेल आणि आषाढीच्या आधी पुन्हा आवळून देईल. हे इथलं कुठलंच दुकान कधी करत नव्हतं. तानपुऱ्याचंही तसंच. तू यादीत लिहिला नाहीस, पण तिथे एखादा भिंतीला टेकवलेला दिसेल आणि स्वस्त वाटेल. तानपुरा मिरजेचाच घ्यावा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण खरं कारण जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घासून केलेली ठेवण, आहे. ती दर काही महिन्यांनी काढून घ्यावी लागते आणि ते काम ज्याने वाद्य घडवलं त्याच्याच हातून चांगलं होतं.

गिटार शाळेसाठी आहेत, म्हणजे महाग नकोत, पण मुलांची बोटं दुखतील अशाही नकोत. बाराव्या पडद्यावर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार आणि पडदा यांतलं अंतर मोज. जाड तारेखाली अडीच मिलिमीटरपर्यंत ठीक, चारच्या वर असेल तर मुलं आठवड्यात गिटार टाकून देतील. दांडा डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम लावून बघ, पिळलेला दिसला तर नको. थोडी वाक असेल तर आतला रॉड फिरवून निघते, फक्त तो रॉड फिरतो का हे तिथेच अॅलन किल्लीने पाव फेरा देऊन बघायला सांग. ब्रिजच्या (तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या) मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून बघ. ती आत गेली तर डिंक सुटतोय. दांड्याच्या कडेवरून बोट फिरव, पडद्यांची टोकं टोचली तर लाकूड वाळून आकसलंय. टोकं कानसता येतात, पण ती गिटार आपल्या हवेत आणखी वाळणार, हेही समजून घे.

कीबोर्ड मांडून ठेवलेला घेतलास तर आधी त्याचा अॅडॉप्टर मूळचाच आहे का बघ. व्होल्टेज आणि पिनची दिशा यंत्राच्या मागे छापलेली असते, चुकीचा लावला तर आतलं जळतं. मग एकच आवाज लावून सगळ्या पट्ट्या हळू, मग जोरात दाब. एखादी पट्टी हळू दाबूनही किंचाळत असेल किंवा मध्येच मुकी होत असेल, तर आतल्या रबरी संपर्कात धूळ आहे. एक-दोन पट्ट्यांना हे चालतं, साफ होतं. सात-आठ असतील तर सोड. आवाज पूर्ण वाढवून खर्जाचा सूर धर आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो का ऐक.

माईक हा या सेलमधला सगळ्यात चांगला सौदा ठरू शकतो, कारण साधा डायनॅमिक माईक वर्षानुवर्षं टिकतो. पण शुअर एसएम 58 च्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. खरा सुमारे तीनशे ग्रॅमचा भरतो, नकली पुष्कळदा हातात हलका लागतो. खिशात छोटा वजनकाटा असू दे. माईक तिथल्याच मिक्सरला लावून केबल दोन्ही टोकांशी हलवून बघ, खरखर आली तर आधी केबल बदलून बघ आणि मगच माईकला नाव ठेव.

पैसे उरले तर शोभेचं काही घेऊ नकोस. माईकचे आणि कीबोर्डचे स्टँड, चांगल्या केबल, पेटीची आणि तबल्याची पिशवी, हातोडी, गिटारच्या तारांचे सात-आठ संच घे. तारांची पाकिटं सीलबंद हवीत. उघड्या पाकिटातल्या तारा आताच गंजलेल्या असतात. दुकानातल्या मांडण्या, भिंतीचे हूक, काचेची कपाटंही शेवटी विकायला काढतात. शाळेच्या वाद्यांच्या खोलीसाठी त्याची चौकशी जरूर कर.

बिल जीएसटीचं, छापील, आणि त्यावर कीबोर्डचा व माईकचा सीरियल नंबर लिहिलेला. कंपनीची वॉरंटी असेल तर ती याच कागदावर चालते. दुकानाच्या स्वतःच्या नावाचा ब्रँड असेल तर वॉरंटी शून्य धर. आणि तिथे दुरुस्ती बघणारा जो कारागीर आहे, त्याच्याशी चार शब्द बोल. आता तो कुठे बसणार आहे ते विचार, नंबर घे. त्या माणसाची नोकरी चाललीय, आणि तुमच्या मंडळाचं वर्षभराचं काम त्याला मिळालं तर दोघांचंही भलं आहे.

शनिवार-रविवार टाळ, मंगळवारी किंवा बुधवारी दुकान उघडताना ये. तेव्हा गर्दी नसते, पेटीचे सूर कानाला नीट कळतात आणि झाकण उघडून दाखवायला माणसालाही वेळ असतो. ट्यूनर असलेला मोबाइल, टेप, चुंबक, वजनकाटा, कागदाची पट्टी आणि भावांचा कागद एवढं बरोबर असू दे. दोन जुन्या चादरी आण, तबला-डग्गा एसटीत त्यातच गुंडाळायचा, आणि निघण्याआधी तबल्याचे गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवून पुडी सैल कर. दुपारच्या बसमध्ये तापलेली ताठ पुडी तडकते. जेवायला घरीच ये, वहिनींनाही घेऊन ये. कुठला दिवस ठरतो ते आदल्या रात्री फोन करून कळव, म्हणजे मी सकाळी थेट दुकानाशीच येतो.

तुझाच,
जुना मित्र