चालकाविना ट्रक येण्याआधी जबाबदारी कायद्यात लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे 2025 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस ते ह्यूस्टन या सुमारे पावणेचारशे किलोमीटरच्या मार्गावर ऑरोरा या कंपनीने चालकाविना मालाचे ट्रक सोडण्यास सुरुवात केली. थोड्याच दिवसांत ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून चालकाच्या आसनावर निरीक्षक पुन्हा बसवावा लागला. तरी गाडी चालवण्याचे काम यंत्राकडेच राहिले. असे ट्रक आपल्याकडे आणण्याचा विचार होईल, तेव्हा समृद्धी महामार्गाचे नाव सर्वांत आधी पुढे येईल आणि तो आमच्या नाशिक जिल्ह्यातून जातो. येथे अनेक वर्षे मालवाहतुकीची कचेरी चालवलेला माणूस म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, असा ट्रक रस्त्यात बंद पडला किंवा त्याने कोणाचा जीव घेतला तर उत्तरदायी कोण, हे कायद्यात लिहिले जाईपर्यंत त्याला सार्वजनिक महामार्गावर परवानगी देऊ नये.

यंत्राची बाजू कमकुवत नाही, हे मान्य केले पाहिजे. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि पहाटेच्या अनेक अपघातांच्या मुळाशी चालकाची झोप असते, हे आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. लासलगावला किंवा पिंपळगाव बसवंतला लिलाव होतो, कांदा निवडून गोण्यांत भरला जातो, सायंकाळपर्यंत गाडी भरते आणि दिवसभर तिच्यापाशी ताटकळलेला चालक रात्री दिल्ली किंवा पाटण्याच्या वाटेला लागतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, परंतु लांब पल्ल्याच्या गाड्यांवर ती पाळली जाताना मी क्वचितच पाहिली. रडार, कॅमेरे आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारा लायडार यांना डुलकी लागत नाही, आणि एवढ्या एका कारणासाठीही हे तंत्रज्ञान धुडकावून लावणे योग्य ठरणार नाही.

तथापि हे ट्रक कोठेही चालतात असे नाही. आधी बारकाईने नकाशा तयार केलेल्या ठरावीक मार्गावर आणि ठरावीक परिस्थितीतच त्यांना माणूस लागत नाही. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्यावर पूर्ण झाला. त्यावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे, म्हणून कागदावर तो सोयीचा वाटतो. परंतु माल समृद्धीवर पिकत नाही आणि तयारही होत नाही. तो अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांतून आणि बाजार समित्यांच्या आवारांतून निघतो. तेथून पुढचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की मुंबई-आग्रा महामार्गावर चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाकडे निघालेले पदयात्री रस्त्याच्या कडेने रात्रीही चालत असतात, रामनवमीच्या सुमारास घोटी-सिन्नर रस्त्यावर शिर्डीला निघालेल्या पालख्या असतात, आणि कांद्याच्या हंगामात वळसा वाचवण्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली उलट्या दिशेनेही येते. पालखी दिसल्यावर आपला चालक गाडी हळू करतो, पुढे चालणाऱ्या स्वयंसेवकाच्या हाताकडे पाहतो आणि त्याने खूण केल्यावरच पुढे जातो. ही समज यंत्राला देता येणार नाही असे मी म्हणत नाही. पण ती याच रस्त्यांवर द्यावी लागेल, आणि तोपर्यंत चालकाच्या आसनावर माणूस हवाच.

मला सर्वांत अधिक चिंता चालत्या ट्रकपेक्षा उभ्या ट्रकची आहे. 15 ऑक्टोबर 2023 रोजी सैलानीबाबांचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस समृद्धीवर वैजापूरजवळ ट्रकवर मागून आदळली आणि 12 जण गेले. मागून होणारी अशी धडक किती जीवघेणी असते, हे या शहराला त्यानंतर सांगण्याची गरज नाही. राहुड घाटात किंवा कसारा घाटात भरलेल्या गाडीचा टायर फुटला, एक्सल तुटला किंवा ब्रेक तापले की चालक आणि क्लिनर प्रथम चाकाखाली दगड लावतात, मागे बऱ्याच अंतरावर जाऊन दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात, आणि एकजण बॅटरी हलवत येणाऱ्या गाड्यांना बाजूला काढतो. परावर्तक त्रिकोण बाळगण्याचा नियम आपल्याकडेही आहे, पण बहुतेक वेळा तो त्रिकोण सापडत नाही आणि काम फांदीवरच भागते. (मार्गस्थ झाल्यावर ते दगड तसेच टाकून जाणे मात्र अक्षम्य आहे आणि त्याबद्दल आमच्याच लोकांना दंड झाला पाहिजे.) पावसाची सर आली तर ताडपत्री ओढणे, ऊन पडल्यावर कांद्याला हवा लागावी म्हणून ती सोडणे, सुटलेला दोर पुन्हा आवळणे, हीसुद्धा गाडीवरच्या माणसांचीच कामे आहेत.

अमेरिकेलाही हा प्रश्न चुकलेला नाही. तेथे बंद पडलेल्या ट्रकच्या चालकाने दहा मिनिटांच्या आत रस्त्यावर इशाऱ्याचे त्रिकोण मांडावेत असा नियम आहे. चालकच नसल्याने त्याऐवजी केबिनवर बसवलेले दिवे चालावेत, असा अर्ज ऑरोरा आणि वेमो या कंपन्यांनी केला होता आणि डिसेंबर 2024 मध्ये तो फेटाळला गेला. ऑरोराला ठराविक मुदतीपुरती सवलत मिळाली ती 2025 मध्ये. घाटातील वळणामागे उभ्या असलेल्या ट्रकच्या टपावरील दिवा वळणाअलीकडच्या वाहनाला दिसणार नाही, एवढे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता कायद्याकडे येतो. आपल्याकडे अपघाताचा दावा न्यायाधिकरणापुढे जातो तेव्हा चालक, मालक आणि विमा कंपनी यांना प्रतिवादी केले जाते आणि निष्काळजीपणाचा गुन्हा चालकावर नोंदला जातो. अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये चालकांनी संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडी येथून इंधनाचे टँकर निघेनासे झाले आणि सरकारने ती तरतूद अमलात आणणे थांबवले. गरीब चालकाला दहा वर्षांची भीती घालणारी व्यवस्था, तोच ट्रक संगणक चालवू लागल्यावर कोणाला बोलावणार? मालक म्हणेल, आज्ञावली माझी नव्हती. कंपनी म्हणेल, देखभाल मालकाची होती. मृताची विधवा मात्र तारखांना येत राहील. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम 2ब अन्वये संशोधन आणि नवकल्पना यांच्यासाठी काही वाहनांना कायद्यातील तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. प्रयोगशाळेच्या आवारासाठी तो ठीक आहे. महामार्गावरील 40 टनांच्या वाहनाला या वाटेने परवानगी दिली जाऊ नये.

चालकविरहित गाड्यांना भारतात येऊ देणार नाही, त्यामुळे 70 ते 80 लाख चालकांचा रोजगार जाईल, असे श्री. नितीन गडकरी यांनी डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात सांगितले होते. त्यांची भूमिका मला आपुलकीची वाटते, पण मंत्र्यांचे आश्वासन म्हणजे नियम नव्हे.

असा नियम होईपर्यंत याच तंत्रज्ञानाचा लाभ आजच्या चालकाला मिळाला पाहिजे. अडथळा दिसताच आपोआप लागणारा ब्रेक आणि डोळे मिटू लागताच इशारा देणारे यंत्र नव्या अवजड वाहनांना सक्तीचे करण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2025 मध्ये काढला. तो पूर्णपणे अमलात यावा आणि जुन्या गाड्यांवर निदान झोपेचा इशारा देणारे यंत्र बसवण्यासाठी छोट्या मालकांना अनुदान मिळावे. चालकाविना ट्रकचे नियम जेव्हा तयार होतील, तेव्हा त्यांचा मसुदा मराठीतही प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात. भरपाईची पहिली जबाबदारी परवानाधारक कंपनीची राहील आणि गाडी बंद पडल्यास ठरलेल्या मिनिटांत तिची माणसे तेथे पोहोचतील, या दोन अटी त्यात असाव्यात. आणि 2027 च्या सिंहस्थ पर्वात, जेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सर्व वाटांवरील वाहतूक पोलिसांच्या हाताच्या इशाऱ्यांवर रोज बदलत राहील, तेव्हा जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्यावर अशी चाचणी होऊ नये, असे जिल्हा प्रशासनाने आताच जाहीर करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मालवाहतूक व्यावसायिक
पंचवटी, नाशिक