तांबूचा सौदा

मॅडिसन, विस्कॉन्सिन

ती. बाबांस सा. न.

तांबू आणि मोरीला विकून जर्सी गाय आणायचं घाटतंय असं दादा म्हणाला. फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणत आईकडे फोन देता, म्हणून हे पत्र.

परवा मैत्रिणीच्या माहेरच्या गोठ्यावर गेले होते. सगळ्या गाई काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन. नाव एकीलाही नाही, कानात नंबरचे बिल्ले. दूध मात्र रोज 30-35 लिटर. तिच्या वडिलांनी त्यांची कुळी सांगितली. अमेरिकेतले जवळजवळ सगळे होल्स्टिन वळू बापाकडून मागे मोजत गेलं, तर 1880 साली जन्मलेल्या दोनच वळूंपाशी पोचतात म्हणे! 1962 साली चीफ नावाचा एक वळू जन्मला. त्याच्या लेकी दुधाला भारी, म्हणून त्याचं रेत जगभर गेलं आणि त्यासोबत एक दोषही. आई-बाप दोघांकडून तो आला की वासरू पोटातच मरतं. अशी जवळपास 5 लाख वासरं गेली. कारण सापडायला अर्धं शतक लागलं.

मला आपला गोठा आठवला. तांबू तांबडी, मोरी काळीभोर, बांडी ठिपक्यांची, स्वभावही तीन तऱ्हांचे. आषाढात ओल्या कातळावरून उतरताना तांबू आधी एक खूर टेकवून दाबून बघते, मगच दुसरा उचलते. एवढ्या पावसात ती कधी आजारी पडलेली मला तरी आठवत नाही. तुम्ही तिला गावठी म्हणता, पण तिच्या जातीचं कोकण कपिला हे नाव आता कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या देशी जातींच्या यादीत आहे. काकांच्या तोंडावर पांढरे पट्टे असलेल्या शेळ्यासुद्धा, कोकण कन्याळ म्हणून. (काकांच्या नव्हे, शेळ्यांच्या तोंडावर. त्यांना वाचून दाखवा.)

दूध दोन लिटर, हे मान्य. शेणही मला काढायचं नाही. आई म्हणेलच, ‘थंय बसान सांगूक काय जाता?’ जर्सी आणायची तर आणा. पण मोरीला तरी ठेवा, आणि तिला जर्सीचं रेत भरू नका. खालच्या वाडीत कपिला खोंड आहे ना अजून?

तांबूचे दात बघून व्यापाऱ्याने किती सांगितले ते कळवा. तेवढे मी पाठवते.

तुमची,
पमी